‘ऑनेस्ट’ शब्दाचा अर्थविकास आणि ‘ऑथेल्लो’

शेक्सपिअरच्या नाटकांच्या सटीप आवृत्त्या चाळल्या तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. जो शब्द प्रचारातून गेला आहे त्याला टीप असते. जो आजही रोज कानांवर पडतो त्याला बहुधा नसते. वाचकाची अडचण जेथे उघड आहे तेथे संपादक धावून येतो. जेथे ती उघड नाही तेथे वाचक आपल्या समजुतीवर सोपविला जातो. सी. एस. ल्यूइस ह्यांनी १९६० साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्टडीज इन वर्ड्स’ ह्या ग्रंथात शब्दाच्या अशा चालू अर्थाला ‘धोक्याचा अर्थ’ मानले आहे. अनोळखी शब्द वाचकाला थांबवितो. ओळखीचा शब्द थांबवीत नाही, आणि त्याचा आजचा अर्थ जुन्या वाक्यात बऱ्यापैकी बसतो म्हणूनच चूक कधी उघडकीस येत नाही.

ल्यूइस ह्यांनी ‘ऑनेस्ट’ ह्या शब्दावर स्वतंत्र प्रकरण लिहिलेले नाही. पण त्यांच्या सिद्धान्ताला ह्याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण. शाळेत इंग्रजी शिकू लागलेल्या मुलास हा शब्द पहिल्या दोनतीन वर्षांतच भेटतो, ‘प्रामाणिक’ हा त्याचा पर्याय पाठ होतो, आणि पुढे पदव्युत्तर वर्गात ‘ऑथेल्लो’ वाचतानाही तोच पर्याय मनात ठाण मांडून राहतो. विल्यम एम्प्सन ह्यांच्या मोजणीप्रमाणे ह्या एका नाटकात ‘ऑनेस्ट’ आणि ‘ऑनेस्टी’ हे शब्द मिळून ५२ वेळा आले आहेत. त्या सर्व ठिकाणी ‘प्रामाणिक’ एवढाच अर्थ धरून वाचले तर कथानक समजते, ह्यात शंका नाही. शोकांतिकेचे कारण मात्र हातातून निसटते.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘होनोस’ म्हणजे मान, आणि त्यापासून बनलेले ‘होनेस्तुस’ हे विशेषण म्हणजे मानास पात्र, प्रतिष्ठित. मान हा माणसाच्या अंतरंगात नसतो. तो इतरांनी द्यावयाचा असतो. रोममध्ये तर ‘होनोस’ ह्या शब्दाने प्रत्यक्ष राज्यपदही सूचित होई. म्हणजे शब्दाच्या जन्मवेळी त्यात सत्याचा संबंध जवळजवळ नाही, लोकांच्या दृष्टीचा मात्र आहे. व्हर्जिलच्या काव्यात तो देखण्या रूपासाठीही येतो, हे ह्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ह्या बाह्य शब्दाला अंतर्मुख करण्याचा मोठा प्रयत्न सिसेरोने केला. इ. स. पूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या ‘दे ऑफिकीस’ ह्या ग्रंथात त्याने ‘होनेस्तुम’ म्हणजे जे स्वतःच्या गुणाने शोभते ते, आणि ‘उतिले’ म्हणजे जे लाभाचे ते, अशी दोन तत्त्वे समोरासमोर ठेवली, आणि जे कोणी पाहिले नाही, कोणी वाखाणले नाही तेही स्वभावतः मानास पात्र असू शकते असे प्रतिपादन केले. लोकांनी दिलेला मान आणि कोणी न देताही असलेली योग्यता, हे द्वंद्व तेव्हापासून ह्या शब्दाच्या पोटात आहे.

लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तेथून इ. स. १३०० च्या सुमारास इंग्रजीत आलेला हा शब्द प्रथम ‘सभ्य’, ‘नीटनेटका’, ‘चारचौघांत शोभेलसा’ ह्याच अर्थांनी वापरला गेला. फसवणूक न करणारा, खरे बोलणारा, हा अर्थ मागाहून रुजला. पुढे फ्रान्समध्ये आणि इंग्लंडमध्ये त्याच्या वाटा फुटल्या. १६३० साली निकोला फारे ह्याने दरबारी शिष्टाचारावर जो ग्रंथ लिहिला त्याच्या नावातच ‘ऑनेत ऑम’ हे शब्द आहेत. तेथे त्यांचा रोख सुसंस्कृत, बहुश्रुत, सभेत वागण्याचे कसब असलेल्या पुरुषाकडे आहे. इंग्लंडमध्ये, ढोबळ मानाने बोलावयाचे तर, तोच शब्द दरबारच्या पायऱ्या उतरून खाली आला. चाकर, शिपाई, लहान दुकानदार अशांविषयी वरच्या वर्गातील माणूस तो वापरू लागला. ‘भला माणूस आहे बिचारा’ असे आपल्याकडे म्हणताना जसा स्तुतीबरोबर थोडा हात झटकल्याचा भाव असतो, तसाच भाव ह्या वापरात आला.

दुसरी फूट लिंगभेदाची आहे, आणि ती अधिक खोल आहे. पुरुष ‘ऑनेस्ट’ म्हणजे वचनाचा सच्चा. स्त्री ‘ऑनेस्ट’ म्हणजे शीलवती. फसवलेल्या स्त्रीशी विवाह करून तिला ‘ऑनेस्ट’ करावयाचे, हा वाक्प्रचार इंग्रजीत सतराव्या शतकापासून चालत आला आहे. हॅम्लेट ऑफीलियाला तू ‘ऑनेस्ट’ आहेस काय असे जेव्हा विचारतो तेव्हा ती खोटे बोलते की काय, एवढीच शंका त्याच्या मनात नसते. भारतीय वाचकाला ह्यात नवल वाटण्याचे कारण नाही. ‘सत्’ ह्या एकाच विशेषणाचे पुल्लिंगी रूप सज्जनतेकडे गेले आणि स्त्रीलिंगी रूप ‘सती’ झाले. ‘साधु’ म्हणजे भला, निष्कपट, तर ‘साध्वी’ म्हणजे पतिव्रता. समाजाने पुरुषाच्या चांगुलपणाचे माप त्याच्या शब्दावरून आणि स्त्रीच्या चांगुलपणाचे माप तिच्या देहावरून घेतले, ह्याची साक्ष दोन्हीकडचे व्याकरण देते. (जाता जाता एक गंमत. ज्या वनस्पतीच्या चपट्या, रुपेरी शेंगांच्या पडद्यातून आतले बी दिसते तिला इंग्रजीत ‘ऑनेस्टी’ म्हणतात. १५९७ सालच्या आपल्या वनस्पतिकोशात जॉन जेरार्डने हे नाव स्त्रियांमध्ये प्रचलित असल्याचे नोंदले आहे.)

१ नोव्हेंबर १६०४ रोजी व्हाइटहॉल राजवाड्यात ‘ऑथेल्लो’चा प्रयोग झाला त्या वेळी हे सगळे अर्थ एकाच वेळी जिवंत होते. शेक्सपिअरने त्यांपैकी एक निवडला नाही. त्याने ते एकमेकांवर सोडले.

नाटकात हा शब्द पहिल्यांदा उच्चारतो तो इयागो, आणि तोही तिरस्काराने. धन्याच्या गाढवासारखे दाणावैरणीवर जन्म काढणाऱ्या आणि म्हातारपणी हाकलून दिल्या जाणाऱ्या सेवकांना तो ‘ऑनेस्ट’ म्हणतो, आणि असल्यांना चाबकाने फोडावे असे सुचवितो. पुढे साऱ्या नाटकभर हेच विशेषण त्याच्या स्वतःच्या नावाला चिकटते. ऑथेल्लो ते लावतो. डेस्डेमोना कौतुकाने लावते. कॅसिओ तर आपल्या फ्लॉरेन्सच्या माणसांतही इतका दयाळू आणि ‘ऑनेस्ट’ कोणी पाहिला नाही, असे म्हणतो. ‘प्रामाणिक’ हा अर्थ घेतला तर ही निव्वळ नाट्यविडंबना ठरते: खोट्याला खरा म्हटले जाते आणि प्रेक्षक मनात हसतो. परंतु इयागो हा केवळ ध्वजवाहक आहे, त्याच्या वरची जागा कॅसिओला मिळाली आहे, आणि बुद्धी, अनुभव, शौर्य ह्यांबद्दल त्याला क्वचितच कोणी काही म्हणते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या विशेषणाचा दंश कळतो. बढती नाकारावयाची आणि पाठीवर थाप मारावयाची, ही दोन्ही कामे तो एक शब्द करतो. दारूच्या अमलाखाली असलेला कॅसिओ, ध्वजवाहकाच्या आधी आपलाच उद्धार व्हावयाचा, असे इयागोच्या तोंडावर बोलून जातो. शुद्धीवर असताना तो तेच ‘ऑनेस्ट’ ह्या शब्दाने बोलत असतो.

ही छटा प्रथम स्पष्टपणे दाखविली ती एम्प्सन ह्यांनी, १९५१ सालच्या ‘द स्ट्रक्चर ऑफ कॉम्प्लेक्स वर्ड्स’ ह्या ग्रंथातील ‘ऑथेल्लो’वरील प्रकरणात. कोलरिजने इयागोच्या दुष्टपणाला हेतूच नाही असे म्हटल्यापासून टीकाकार ह्या पात्राच्या मनात शिरून हेतू शोधीत होते. एम्प्सन ह्यांनी मनाऐवजी शब्द तपासला, आणि हेतूचा बराचसा भाग त्या शब्दातच सापडतो हे दाखवून दिले. त्यांचे हे कार्य मोठे आहे. पण त्यांच्या विवेचनाचा दुसरा भाग तितका पटण्यासारखा नाही. उघड्या स्वभावाचा, दांभिकपणा नसलेला, आपल्या वासनांशी खेळीमेळीने राहणारा असा जो ‘ऑनेस्ट’ माणूस, तो अर्थ त्या काळच्या बेबंद मंडळींत प्रचलित होता, पुढे १६६० नंतरच्या राजपुनःस्थापनेच्या काळात तो उच्च वर्गात स्थिरावला, आणि शेक्सपिअरला ह्याच अर्थाचा तिटकारा होता, असे एम्प्सन मानतात. उत्तरकाळाच्या प्रकाशात आधीच्या नाटकाची सावली मोजण्याचा हा प्रकार आहे. शिवाय नाटककाराला एखादा शब्द आवडत होता की नाही, हे ५२ प्रयोगांवरून कसे ठरवावे? ऑथेल्लोच्या तोंडी तो शब्द येतो तेव्हा त्यात बेबंदपणाचा मागमूसही नसतो.

ह्यापेक्षा टॉमस रायमर ह्याची साक्ष अधिक उपयोगी पडते, जरी ती त्याने विरुद्ध बाजूने दिली आहे. १६९३ साली त्याने ‘ऑथेल्लो’ची यथेच्छ निंदा केली, आणि तिच्यातील एक आक्षेप असा होता की शिपाई हा मोकळ्या मनाचा, सरळ व्यवहाराचा असतो ही सर्वमान्य गोष्ट सोडून शेक्सपिअरने कपटी शिपाई रंगविला. रायमरला जो दोष दिसला तेच नाटकाचे यंत्र आहे. शिपाई म्हणजे ‘ऑनेस्ट’ ही समजूत रायमरची आहे तशीच ऑथेल्लोचीही आहे. तो इयागोची परीक्षा करीत नाही, कारण त्या वर्गाच्या माणसाची ह्या बाबतीत परीक्षा करावयाची असते हेच त्याला ठाऊक नाही.

तिसऱ्या अंकातील तिसरा प्रवेश म्हणजे ह्या शब्दाची परीक्षाच होय. कॅसिओ ‘ऑनेस्ट’ नाही काय, असे ऑथेल्लो विचारतो, आणि इयागो उत्तर देण्याऐवजी तोच शब्द प्रश्नार्थक करून परत करतो. काही खोटे तो सांगत नाही. काही सांगतच नाही. एवढ्याने मात्र आतापर्यंत जो शब्द नाण्यासारखा हातोहात फिरत होता तो खणखणीत आहे की बद्द, असा संशय उत्पन्न होतो. थोड्याच वेळात तो शब्द कॅसिओवरून डेस्डेमोनाकडे सरकतो, आणि सरकताना त्याचा अर्थ बदलतो. कॅसिओविषयी विचारले होते ते सचोटीबद्दल; डेस्डेमोनाविषयी ऑथेल्लो जेव्हा आपण तिला ‘ऑनेस्ट’ समजतो असे म्हणतो तेव्हा तो तिच्या शीलाबद्दल बोलत असतो. शब्द तोच राहिल्यामुळे ऑथेल्लोला आपण एका प्रश्नावरून दुसऱ्यावर गेलो ह्याची जाणीवही होत नाही. आणि मग ती भयंकर स्थिती येते जिच्यात पत्नी ‘ऑनेस्ट’ आहे असेही वाटते आणि नाही असेही वाटते, इयागो खरा वाटतो आणि नाहीही वाटत. दोघेही ‘ऑनेस्ट’ असू शकत नाहीत. एकाला तरी त्या शब्दातून बाहेर काढावेच लागते. ऑथेल्लो पुरुषाच्या अर्थाने ‘ऑनेस्ट’ असलेल्याचा शब्द धरतो आणि स्त्रीच्या अर्थाने ‘ऑनेस्ट’ असलेलीचा जीव घेतो.

चौथ्या अंकात एमिलिया आपल्या मालकिणीच्या बाजूने पैज लावण्यास सिद्ध होते तेव्हा ती ‘ऑनेस्ट’ ह्या शब्दाला ‘शीलवती’ आणि ‘एकनिष्ठ’ असे आणखी दोन शब्द जोडते. जणू तो एकटा शब्द आता पुरेसा राहिलेला नाही. पाचव्या अंकात तर बियांका, जिला सर्वजण वेश्या म्हणतात ती, एमिलियाला ठणकावते की आपलेही जगणे तिच्याइतकेच ‘ऑनेस्ट’ आहे. वर्गात हा प्रसंग बहुधा घाईने आटोपला जातो. पण साऱ्या नाटकात ह्या शब्दावर स्वतःचा हक्क सांगण्याचे धैर्य करणाऱ्या थोड्या स्त्रियांपैकी ती एक आहे, आणि तिचे कोणी ऐकत नाही.

शेवटच्या प्रवेशात ऑथेल्लोच्या हातची तलवार काढून घेतली जाते, आणि ‘ऑनेस्टी’ गेल्यावर ‘ऑनर’ने तरी मागे का राहावे, असा उद्गार तो काढतो. सोळाशे वर्षांपूर्वी सिसेरोने जे दोन अर्थ वेगळे केले होते ते येथे एका वाक्यात समोरासमोर उभे आहेत. आणि दोन्ही शब्द एकाच मुळाचे असल्यामुळे त्या वाक्याला स्वतःच्याच शरीराचा एक अवयव दुसऱ्यापासून तोडल्यासारखी वेदना आहे. ही ‘ऑनेस्टी’ कोणाची, ह्याविषयी मतभेद संभवतो. डेस्डेमोनाचे शील असा अर्थ येथे घेता येणार नाही, कारण ती निर्दोष होती हे आता सर्वांना कळले आहे. ऑथेल्लोची स्वतःची अंतरीची योग्यता, हाच अर्थ संभवतो. म्हणजे आयुष्यभर जो शब्द त्याने इयागोला आणि पत्नीला लावून पाहिला तो त्याने शेवटी स्वतःला लावला. मात्र लगेच पुढे, आपल्याला काय म्हणावे असे विचारले जाते तेव्हा, हवे तर मानासाठी खून करणारा म्हणा, असे तो सांगतो. मान पुन्हा वर येतोच. ह्या ठिकाणी व्युत्पत्ती ही भाषाशास्त्राची माहिती उरत नाही. योगापेक्षा रूढी बलवान हा आपल्या शास्त्रकारांचा नियम सामान्यतः खरा आहे आणि मूळ अर्थ तोच खरा अर्थ असे मानणाऱ्यांनी तो विसरू नये. पण कवी कधी कधी रूढीच्या खाली गाडलेला योग उकरून काढतो, हेही तितकेच खरे.

ह्या विवेचनाचा मराठी वाचकाशी असलेला संबंध केवळ परीक्षेपुरता नाही. महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांचे ‘ऑथेल्लो’चे भाषांतर १८६७ साली झाले, आणि गोविंद बल्लाळ देवल ह्यांचा ‘झुंझारराव’ १८९० सालचा. तेव्हापासून हे नाटक मराठीचे आहे, आणि ‘ऑनेस्ट’ ह्या शब्दापुढे येणारी अडचण प्रत्येक नव्या भाषांतरकारापुढे ठेवलेली आहे.

‘प्रामाणिक’ हा पर्याय घेतला तर एक अनपेक्षित लाभ होतो. हा शब्द मानापासून निघालेला नाही, प्रमाणापासून निघाला आहे. ज्याचे बोलणे प्रमाण मानावे तो प्रामाणिक. ऑथेल्लो डोळ्यांनी दिसेल असा पुरावा मागतो. न्यायशास्त्राच्या भाषेत त्याला प्रत्यक्ष प्रमाण हवे असते. मिळतो तो एक रुमाल, म्हणजे अनुमानाचा एक हेतू आणि तोही आभास. आणि त्या रुमालाला अर्थ प्राप्त होतो तो इयागोच्या शब्दाने, म्हणजे त्याला आप्त मानल्याने. प्रत्यक्षाची मागणी करणारा माणूस आप्तवाक्यावर थांबतो, ही ह्या नाटकाची गती मराठी शब्दात मुळापासूनच सूचित आहे. परंतु हा अर्थ शेक्सपिअरच्या माथी मारता कामा नये. तो मराठीने घातलेला आहे. आणि त्याच्या बदल्यात जे हरवते ते थोडे नाही: ‘प्रामाणिक स्त्री’ म्हटल्याने शीलाचा बोध होत नाही, आणि ‘प्रामाणिक’ ह्या शब्दात चाकराला थोपटण्याचा भावही फारसा नाही.

मूळ शब्दाच्या सर्वांत जवळ जाणारा मराठी शब्द खरे पाहता ‘अब्रूदार’ हा आहे. फारसीत ‘आब-रू’ म्हणजे चेहऱ्याचे पाणी, तोंडावरचे तेज. म्हणजे तेथेही प्रारंभ लोकांना काय दिसते ह्यापासूनच आहे. पुरुषाची अब्रू म्हणजे पेठेतली पत आणि स्त्रीची अब्रू म्हणजे शील, ही फूट ‘ऑनेस्ट’च्या फुटीशी तंतोतंत जुळते. बियांकाच्या तोंडी हाच शब्द शोभेल. इयागोला मात्र तो लावता येत नाही. ऑथेल्लो त्याच्या प्रतिष्ठेची वाखाणणी करीत नाही, निष्ठेची करतो.

इयागोसाठी ‘इमानी’ हा शब्द अधिक योग्य वाटतो, आणि भाषांतरकारांनी त्याचा विचार करण्यासारखा आहे. नोकर इमानी असतो, कुत्रा इमानी असतो. सेनापतीला कोणी इमानी म्हणत नाही. म्हणजे जो दंश इंग्रजी शब्दात आहे तो येथे आपोआप येतो, आणि मरता मरता रॉडरिगो इयागोला कुत्रा म्हणतो तेव्हा त्या विशेषणाचे वर्तुळ पुरे होते. पत्नीच्या बाबतीतही ‘बेइमान’ हा शब्द मराठीत चालतो, त्यामुळे तिसऱ्या अंकात शब्द कॅसिओवरून डेस्डेमोनाकडे सरकताना तोच ठेवता येईल. शेवटच्या प्रवेशातील त्या वाक्यात ‘ऑनर’ आणि ‘ऑनेस्टी’ ह्यांच्या जागी ‘मान’ आणि ‘इमान’ ही जोडी घातली तर कानाला ती एकाच मुळाची वाटते. वस्तुतः एक शब्द संस्कृत आणि दुसरा अरबी, आणि त्यांचे नाते काहीच नाही. पण रंगभूमीवर कानाला जे नाते वाटते ते पुरेसे आहे. मात्र मान गमावलेला ऑथेल्लो ज्या अंतरीच्या योग्यतेविषयी बोलतो ती ‘इमान’ ह्या शब्दात मावत नाही. इमान नेहमी दुसऱ्या कोणाशी तरी राखावयाचे असते, आणि त्या घटकेला ज्याच्याशी ते राखावे असे ऑथेल्लोजवळ कोणी उरलेले नाही.